वांग्यावर आळ

पत्र :

डॉक्टर, मी ४७ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. दीड वर्षापासून माझ्या पापण्या मधूनमधून सुजतात, कानांमागे आणि कपाळाच्या वरच्या कडेला खाज सुटते, मानेवर चट्टे उठतात. चार-पाच दिवस आग होते, मग कोंड्यासारखी कातडी निघते आणि बरं वाटतं. महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच. अंगात उष्णता आहे म्हणून सासूबाईंनी वांगं, दही, लोणचं, शेंगदाणे बंद करायला लावले. तालुक्याला रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी केली, साडेपाच हजार गेले. त्यात वांगं, हरभराडाळ आणि झुरळ निघालं. मग डाळही सोडली. वजन ६ किलो उतरलं, खाज तिथेच. मेडिकलमधलं एक मलम लावलं की दोन दिवसांत बसतं, त्याच्या तीन ट्यूब संपल्या. केसांना काळी मेंदी लावते, पण ती ११ वर्षं लावतेय, कधी काही झालं नाही, त्यामुळे ती नसणार. खोटे कानातले मात्र लहानपणापासून सोसत नाहीत. डिसेंबरात मुलीचं लग्न आहे. आणखी काय खाणं बंद करू तेवढं सांगा.
ता. क. – सासऱ्यांनाही पावसाळा लागला की तोंडावर, मानेवर असंच होतं. ते दिवसभर शेतात असतात. घरात हे एकमेकांचं लागतं का?

उत्तर :

ताई, काहीही बंद करू नका. उलट आज रात्री भरलं वांगं करा, शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने घाला, आणि जेवून उठलात की हे उत्तर वाचायला घ्या. शेंगदाणा खाल्ल्यावर लगेच ओठ सुजले, दम लागला असं कधी झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

पत्रात संशयिताचं नाव मात्र आहे. तुम्हीच ते लिहिलंत आणि तुम्हीच त्याला जामीन देऊन सोडलंत. काळी मेंदी. न तपासता ठाम सांगणं बरं नाही, पण पैज लावायची झाली तर मी तिच्यावर लावेन.

केस किती दिवसांनी रंगवता ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, भांगात पांढरी रेघ दिसायला लागली की. म्हणजे महिना-दीड महिन्याने. ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता, त्याच कॅलेंडरवर मागच्या चार-पाच महिन्यांतले मेंदीचे रविवार आठवून खुणा करा आणि पापण्या सुजल्याचे दिवस शेजारी मांडा. काय दिसेल ते मी आत्ताच सांगते. रविवारी दुपारी मेंदी. सोमवार कोरडा गेला. मंगळवारी सकाळी उठलात तर डोळे जड. मग डोकं मागे धावतं ते फक्त सोमवारी रात्रीच्या ताटापर्यंत, आणि त्यात वांगं असतं. आपल्याकडे कुठल्या ताटात नसतं? झाला आळ त्याच्यावर. रविवारची मेंदी तोवर धुऊन, केस वाळवून, वेणी घालून विसरूनही गेलेली असते.

स्पर्शाने होणारी ही अ‍ॅलर्जी उशिरा उठते, वस्तू कातडीला लागल्यापासून साधारण एक ते तीन दिवसांनी. पित्ताच्या गांधी तासाभरात उठतात आणि दिवस मावळेपर्यंत बसतात, तसं हिचं नाही, कारण दोन्हींमागची यंत्रणाच वेगळी आहे. १९४२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कार्ल लँडस्टायनर (रक्तगट शोधणारे, तेच) आणि मेरिल चेस यांनी गिनीपिगवर एक प्रयोग केला. एका गिनीपिगला रसायनाच्या स्पर्शाचं वावडं निर्माण केलं. त्याच्या रक्तातला नुसता द्रव, म्हणजे सीरम, दुसऱ्याला टोचला तर काहीच झालं नाही. त्याच्या पेशी टोचल्या तेव्हा मात्र ते वावडं दुसऱ्या प्राण्यात उतरलं. त्यांतल्या हे काम करणाऱ्या पांढऱ्या पेशींना आज आपण टी-पेशी म्हणतो. तुमच्या साडेपाच हजारांच्या तपासणीने काय पाहिलं? सीरममधल्या आयजीई नावाच्या प्रथिनांची पातळी. शिंका, दमा, गांधी यांच्या शोधात तिचा उपयोग होतो. पापणीच्या इसबाचा चोर त्या घरात राहतच नाही. शिवाय कागदावर ‘पॉझिटिव्ह’ आलेली वस्तू खाऊन तुम्हाला काही होत नसेल, तर त्या पॉझिटिव्हला अर्थ नाही. झुरळ तर तुम्ही खातही नव्हता.

आता तुमचं ११ वर्षांचं म्हणणं. ‘इतकी वर्षं वापरतेय, काही झालं नाही’ हे वाक्य ओपीडीत मी दिवसाआड ऐकते. हे वावडं कोणी जन्मताना घेऊन येत नाही, ते अंगी जडतं, आणि जडायला आधी ओळख व्हावी लागते. मेंदीतल्या रसायनासारखे इवलेसे रेणू कातडीत मुरतात, तिथल्या प्रथिनांना चिकटतात. कातडीतल्या पहारेकरी पेशी हा ऐवज उचलून जवळच्या लसीकाग्रंथीत नेऊन दाखवतात आणि तिथे टी-पेशी त्याचा चेहरा पाठ करतात. रसायन जहाल असेल तर एवढ्याला दहा-पंधरा दिवस पुरतात, नाहीतर वर्षं जातात. एकदा पाठ झालं की पेशी सहसा विसरत नाहीत. पुढच्या खेपेला थोडासा स्पर्शही पुरतो. म्हणून पेशंटला मी ‘नवीन काय वापरलं?’ एवढंच विचारून थांबत नाही. ‘सारखं काय वापरता?’ हा खरा प्रश्न. अकरा वर्षांची वापरणी मला तरी मेंदीच्या विरुद्धच जाताना दिसते.

‘पण मेंदी डोक्याला लावते, सुजतात पापण्या, असं कसं?’ डोक्याची कातडी जाड आणि सोशीक. पापणीची अंगभर सर्वांत पातळ. केस धुताना रंगाचं पाणी कपाळाच्या कडेवरून, कानांमागून, मानेवरून ओघळतं, आणि तुमचे चट्टे नेमके त्याच वाटेवर आहेत. नेलपेंटची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलींचंही असंच, बोटं ठणठणीत आणि इसब पापणीवर, कारण ओलं नख डोळ्याला लागतं. जागा बघावी, आणि त्या जागेला काय काय शिवतं ते बघावं. हे सांगणं सोपं आहे बरं का. काही वर्षांपूर्वी माझ्याच डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची टोकं फुटायची, मीठ लागलं की जीव जायचा. स्वतः स्किनची डॉक्टर असून दोन महिने मी दवाखान्यातल्या हँडवॉशला शिव्या दिल्या. शेवटी पोळ्या करणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही लसूण त्याच तीन बोटांत धरून चिरता की.’ लसणीतलं डायअलिल डायसल्फाइड. ते बहुतेक हातमोज्यांतूनही आरपार जातं. तेव्हापासून लसूण मावशी चिरतात.

मेंदीकडे परत येते. मेंदीच्या पाल्यात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, त्याचा रंग नारिंगी-तांबडा. नुसत्या पाल्यातून काळा रंग निघत नाही. काळा आला म्हणजे पुडीत आणखी काही आहे, आणि ते बहुतेक वेळा पॅराफेनिलिनडायमिन, आम्ही म्हणतो पीपीडी. पाकिटावर हिरवं पान छापलेलं असो, ‘हर्बल’ लिहिलेलं असो, ‘अमोनिया नाही’ म्हटलेलं असो, त्यावरून पीपीडी नाही असं ठरत नाही. अमोनियाचा आणि याचा संबंधच नाही. मागच्या बाजूची मुंगीएवढ्या अक्षरांतली यादी भिंग घेऊन वाचा. आपल्या नियमांनुसार अशा रंगाच्या पाकिटात सूचनाही द्यावी लागते : कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून २४ तास वाट बघा, आणि हे दर वेळी करा. ती चिठ्ठी खरंच वाचणारी एकच बाई मला आजवर भेटली, ती प्रूफरीडर होती. माझं विचाराल तर २४ तासही कमीच, दोन-तीन दिवस थांबावं. पण ही सूचना इतर वाचकांसाठी. तुम्ही आता घरी कसलीही चाचणी करू नका, आणि ‘एकदाच लग्नापुरती’ म्हणून लावू तर मुळीच नका. हे दुखणं दर खेपेला चढत जाऊ शकतं. तोंड सुजून डोळे पार मिटलेल्या बायका मी पाहिल्यात, त्यांतल्या दोघी घरच्या कार्याच्या आदल्या दिवशी आल्या होत्या.

नक्की करायचं तर एकच मार्ग : पॅच टेस्ट. युक्ती जुनी आहे, १८९५ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ योसेफ यादासोन यांनी ती मांडली. पाऱ्याच्या मलमाने कातडी उतलेल्या रुग्णाला त्यांनी तोच पारा छोट्याशा जागी लावून पाहिला आणि तेवढ्याच जागी इसब उठलं. आजही तत्त्व तेच. संशयित पदार्थ अगदी थोडे थोडे छोट्या वाट्यांत घालून त्यांची पट्टी पाठीवर चिकटवतात. सोमवारी लावली तर बुधवारी काढायची, आणि गुरुवारी-शुक्रवारी पुन्हा दाखवायला यायचं. लोक हीच दुसरी खेप चुकवतात आणि काही अ‍ॅलर्जी तेवढ्यात निसटतात. तितके दिवस पाठीवर पाणी नाही, तेल नाही, घाम गाळणारं काम नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये मी टाळते. इसब पेटलेलं असताना किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना निकाल गंडतो. तसं असेल तर आधी सांगा, गोळ्या आपल्या आपण बंद करू नका. आपल्याकडच्या संचात निकेल, क्रोमेट, पीपीडी, सुगंधी द्रव्यं, रबरातली रसायनं, निओमायसिन (मलमांतलं एक अँटिबायोटिक), गाजर गवत असे नेहमीचे आरोपी असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात आधी फोन करून विचारा, सगळीकडे संच नसतो.

जाताना एक पिशवी घेऊन जा, तिच्यात अंगाला लागणारं घरातलं सगळं : मेंदीची पुडी, तेल, फेस क्रीम, कुंकवाचा करंडा, टिकल्यांचं पाकीट, नेलपेंट, आणि त्या मलमाची ट्यूब. टिकल्या कशाला असं वाटेल. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल असेल तर कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडू शकतो. अलाहाबादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी हे १९९० मध्ये दाखवून दिलं. असा डाग दिसला की बायका कोड म्हणून घाबरतात आणि झाकायला आणखी मोठी टिकली लावतात.

ट्यूब मात्र आजच कपाटात टाका. दोन दिवसांत बसतं म्हणजे तिच्यात बहुधा जोरकस स्टिरॉइड आहे. पापणीवर ते महिनोन्‌महिने लावलं तर कातडी कागदासारखी होते, डोळ्यातला दाब वाढू शकतो. तीन ट्यूब संपवल्यात, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडून दाब एकदा मोजून घ्याच. अशा खिचडी मलमांत निओमायसिनही असतं, आणि ते स्वतःच नावाजलेलं अ‍ॅलर्जीकारक आहे. म्हणजे मलमानेच इसब जागं ठेवायचं आणि मलमानेच निजवायचं. आणखी एक. तुमच्या पत्रात नाही, पण गावात कुणीतरी बिब्बा लावायला सांगेलच. चांगल्या चाललेल्या कामात बिब्बा घालणं आपण उगीच म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या सैनिकांच्या मानेवर, कमरेवर फोड यायला लागले. धोब्याने कपड्यावर ओळखीसाठी घातलेली बिब्ब्याची खूण जिथे टेकायची, तिथेच. अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी १९४३ मध्ये त्यावर लिहिलं. काजूच्या टरफलाचं तेल आणि आंब्याचा चीक त्याच कुळातले. एकाचं वावडं असलेल्याला बाकीचेही बाधू शकतात.

खोट्या कानातल्यांचं निदान तुम्ही लहानपणीच केलंय. ते निकेल. सर्वसाधारण लोकांवरच्या, बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या पाहण्या २०१९ मध्ये एकत्र केल्या, तेव्हा साधारण २० टक्के लोकांना कशा ना कशाची स्पर्श-अ‍ॅलर्जी निघाली. निकेल त्यात पहिलं, ११ टक्क्यांच्या वर. स्पर्श-अ‍ॅलर्जीचं एकूण प्रमाण बायकांत पुरुषांच्या दुप्पट, आणि त्यात कान टोचण्याचा वाटा मोठा, कारण ताज्या जखमेत धातू जाऊन बसतो. डेन्मार्कने १९९० च्या सुमारास दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर बंधन आणलं. त्यानंतर कान टोचलेल्या मुलींत ही अ‍ॅलर्जी कमी झालेली दिसली. तुमच्यापुरतं सांगायचं तर ‘एक ग्रॅम सोन्याचा’ मुलामा घामाने झिजला की खालचा धातू उघडा पडतो, म्हणून मंगळसूत्र अस्सल सोन्याचं असलं तरी त्याची अडकवायची कडी, साडीची पिन आणि ब्लाउजचे हुक तपासा. डायमिथिलग्लायॉक्सिमचे दोन थेंब कापसावर घेऊन धातूवर घासले आणि कापूस गुलाबी झाला, तर निकेल सुटतंय. दवाखान्यात दोन मिनिटांत होतं, पिशवीत दागिनेही टाका.

आता सासरे. एकमेकांचं लागत नाही. त्यांचा आजार तुमच्याच जातीचा, पण कारण वेगळं दिसतं, आणि खरं सांगायचं तर मला तुमच्यापेक्षा त्यांची काळजी जास्त वाटते. बांधावर गाजर गवत आहे ना? काँग्रेस गवत म्हणा, चटकचांदणी म्हणा. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाबरोबर आलं असं म्हणतात. १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात त्याची नोंद झाली, आणि त्यापासून होणाऱ्या त्वचारोगाचं वर्णनही पुण्याच्याच रुग्णांवरून झालं. लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांचा निबंध १९७४ चा. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य पाल्याच्या भुग्याबरोबर आणि वाळल्या कणांबरोबर हवेतून येऊन उघड्या अंगावर बसतं, गवताला हात लावायचीही गरज नाही.

उद्या सकाळी त्यांना उजेडात बसवा आणि चार जागा नीट बघा : वरच्या पापण्या, कानांमागे, हनुवटीखाली, मानेच्या घड्यांत. नुसत्या उन्हाचा त्रास असेल तर या सावलीच्या जागा बहुधा सुटतात. हवेतून येणारी धूळ मात्र नेमकी तिथेच साचते. या चारही जागा धरल्या असतील तर माझा संशय गवतावर. हा आजार सुरुवातीला पावसाळ्यापुरता असतो. दुर्लक्ष केलं तर काही वर्षांत बारमाही होतो, पुढे पुढे ऊनही सोसेनासं होतं, कातडी जाड आणि सुरकुतलेली होते. म्हणून त्यांना तुमच्याबरोबर त्याच फेरीत न्या.

तोवर : गवत त्यांनी स्वतः उपटायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी, फुलावर येण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून. आणि ते जाळायचंही नाही. शेतातून आल्या आल्या आंघोळ, कपडे वेगळे भिजवायचे. गळ्यातला टॉवेल दिवसभर बांधावर टाकायचा आणि त्यानेच तोंड पुसायचं, ही त्यांची सवय असणार (सगळ्यांचीच असते), ती मोडा. देवाला शेवंती वाहत असतील तर महिनाभर जास्वंद वाहू देत, शेवंती गाजर गवताच्याच कुळातली. एवढ्याने भागलं नाही तर प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या अझाथायोप्रिनच्या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो. दिल्लीच्या एम्समध्ये याच आजारावर त्यांचा अभ्यास झालाय. पण त्या रक्त तपासत तपासतच घ्यायच्या.

राहिलं लग्न. पॅच टेस्टमध्ये पीपीडी निघालं तर केसांचे पर्याय थोडे आहेत. खात्रीचा नुसता मेंदीचा पाला, किंवा पाला आणि नीळ (निळीच्या झाडाच्या पाल्याची पूड, कपड्यांची नीळ नव्हे). दोन्ही पुड्या आणा, वापरण्याआधी त्याही तपासू, कारण बाजारातल्या ‘शुद्ध’ पुडीत काय असेल सांगता येत नाही. पीपीडी नसलेले रंग मिळतात, पण त्यांतली भावंडं, उदाहरणार्थ टोल्युइन डायअमिन, बऱ्याच जणांना तशीच बाधतात. दाताच्या डॉक्टरला आणि फॅमिली डॉक्टरला हे वावडं सांगून ठेवा, भूल देण्याच्या बेंझोकेनसारख्या मलमाशी आणि काही सल्फा औषधांशी त्याचं नातं निघू शकतं.

आणि मुलीच्या हातावरच्या मेंदीचं आधी बघा. मेंदीवालीला विचारा, कोन घरी भिजवते की विकत आणते, आणि रंग किती वेळात चढतो. खरी मेंदी चार-सहा तास ठेवावी लागते, सुटल्यावर नारिंगी दिसते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गडद होते. ‘अर्ध्या तासात काळीभोर’ म्हणाली तर तिला नको म्हणा, दुसरी बघा.